कडीचे स्क्रू

२ मे

ऑफिसने रजा दिली. मी मागितली नव्हती. साहेबांनी बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमची रजा साठून साठून वाया चाललीये. उन्हाळाभर घ्या." मी म्हटलं, मे महिन्यात लिफ्टच्या तपासण्या जास्त असतात. ते म्हणाले, होतील. मग जरा थांबून म्हणाले, "परवा त्या बँकेच्या इमारतीत लिफ्टच्या शाफ्टच्या तोंडाशी एवढा वेळ काय करत होतात? वॉचमन घाबरला होता."

"बघत होतो."

"काय?"

"खाली."

 त्यांनी रजेच्या अर्जावर लगेच सही केली.

निघताना मी "जातो" म्हणालो. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ताई गेल्यापासून मी "येतो" म्हणत नाही. त्यात काही मोठं नाही. ती त्या सकाळी खाली औषधाच्या दुकानात जाताना "आलेच" म्हणाली. मी चहा गाळला, दोन्ही कपांवर बशा ठेवल्या. ती दुकानाच्या पायरीवरच कोसळली आणि गेली. लोक जिना चढून सांगायला येईपर्यंत मी त्या बशांकडे बघत बसलो होतो, कारण ती "आलेच" म्हणाली होती. जो शब्द पाळणं आपल्या हातात नाही तो बोलू नये, इतकंच.

४ मे

आज धाकट्या भावाचा फोन आला. म्हणाला, उन्हाळा आमच्याकडे काढ. तासाभरात मावसबहिणीचा आला, ती म्हणाली, आमच्याकडे ये. संध्याकाळी शाळेतल्या मित्राचा. तिघांनाही एकाच दिवशी आठवण व्हावी, योगायोग म्हणायचा.

हा ताईचा दौरा. दर उन्हाळ्यात ती नदीवर भावाकडे, मग डोंगरात मावसबहिणीकडे आणि शेवटी तळ्याकाठी माझ्या मित्राकडे जायची. होडी, दोर, पोहणं, सगळं करून काळी होऊन परतायची. मी कधी गेलो नाही. रजा मिळायची, पण घरी कुणीतरी असावं असं मला वाटायचं.

ताई माझ्याहून मोठी. दोघांनीही लग्न केलं नाही. आईवडिलांच्या मागे त्याच घरात दोघंच राहिलो. ती गेल्यावर लोक भेटायला आले, ते म्हणायचे, "बहीण होती ना तुमची?" बायको असती तर जरा जास्त वेळ बसले असते असं वाटतं.

तिघांनाही हो म्हणालो. सगळ्यांना एकदा भेटून घ्यावं हे माझ्याही मनात होतंच.

७ मे

घर आवरलं. फ्रिज रिकामा करून बंद केला, दार उघडं ठेवलं. कुंड्या शेजारच्या बाईंना दिल्या. त्या म्हणाल्या, "आलात की घेऊन जा हं." मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडेच. किल्लीही दिली. कोणत्या कपाटात काय आहे ते त्यांना फिरून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अहो, मला कशाला सगळं दाखवताय?" मी म्हटलं, कुणाला तरी ठाऊक असावं.

सामान ताईच्या पाठीवरच्या पिशवीत भरलं. पट्टे तिच्या मापाचे आहेत, माझ्या काखेत काचतात. सैल केले नाहीत.

८ मे

भाऊ स्वतःच न्यायला आला. इकडे काही काम होतं म्हणाला. काम काय ते सांगितलं नाही, आणि ते करायला गेलाही नाही. दारात उभा राहून उघड्या फ्रिजकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चल दादा." पिशवी त्यानेच उचलली.

११ मे

भावाचं चष्म्यांचं दुकान खाली आणि घर वर. खिडकीतून नदी दिसते. भावजय फार करते माझं. मी उठून कुठे निघालो की तिला त्याच दिशेला काहीतरी आणायचं असतं.

भाऊ म्हणतो, दाढी बरोबर करू. लहानपणीही आम्ही एवढं काही बरोबर केलं नव्हतं. त्याच्या आरशासमोर दोन म्हातारे साबण लावून उभे राहतात. माझं झालं की तो माझा वस्तरा धुऊन आपल्या डब्यात ठेवतो. म्हणतो, दमट हवेत पातं गंजतं.

बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही. जिथे होती तिथे चार भोकं आहेत. आत गेल्यावर मी पाय लावून दार धरतो. या वयात अवघड जातं.

१३ मे

बाजारातून कडी आणून बसवली. चार स्क्रू, घट्ट पिळले. भावाला दाखवलं. तो म्हणाला, "कशाला रे त्रास घेतलास?" चेहरा पडला त्याचा. मला वाटलं, घरातलं काम पाहुण्याने केलं म्हणून वाईट वाटलं असेल.

१४ मे

सकाळी कडी गायब. चार भोकं. भावजय म्हणाली, "लाकूड कुजलंय, दादा. निखळून पडली असेल." मी लाकूड तपासलं. चांगलं आहे. कुजलेल्या लाकडातून निघालेला स्क्रू भोकाचा भुगा घेऊन येतो. इथे भोकं स्वच्छ आहेत. कुणीतरी स्क्रू पेचकसाने काढलेत.

घरात कुणाला तरी आत अडकून पडण्याची भीती असावी. लिफ्टमध्ये अशी माणसं बरीच भेटतात. विचारलं तर कबूल करत नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांना लाज वाटायला नको.

१७ मे

भावाने होडीतून नेलं. काठावरच त्याने मला पोहण्याचं जाकीट घातलं आणि पुढची नाडी दोन गाठी मारून बांधली. त्याने स्वतः घातलं नव्हतं. मी म्हटलं, मला पोहता येतं, तुला कुठे येतं? म्हणाला, "तू पाहुणा."

नदीत मध्ये गेल्यावर ऊन पाण्यावरून डोळ्यांत यायला लागलं. तो वल्हवत होता. ताई कुठे बसायची ते दाखवलं. ती गाणं म्हणायची आणि वल्ही चुकीची मारायची, होडी गोल फिरायची. ताई गाते हे मला ठाऊक नव्हतं. घरात कधी गायली नाही.

तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मोठी होडी घेऊ."

"घे की."

"घेऊ ना, म्हणतोय मी."

"घे म्हटलं ना."

त्याने वल्ही वर उचलली. होडी आपोआप जरा वाहत गेली. "घेऊ म्हण की, दादा. एकदा म्हणायला काय जातंय तुझं?"

होडी त्याची, पैसे त्याचे. मी कसं म्हणणार? मी म्हटलं, तुझ्या मनासारखं कर. त्याने होडी काठाकडे वळवली. घरी आल्यावर नाडीच्या गाठी सुटेनात. भावजयीने कात्रीने कापल्या. कापताना ती हसत म्हणाली, "बघा, माणूस बांधून ठेवलाय अगदी."

२५ मे

मावसबहिणीच्या गावी आलो. भाऊ बसने बरोबर आला, फ्रेमा बघायच्या आहेत म्हणाला. स्टँडवर ती उभी होती. दोघं बाजूला जाऊन बोलले. मग फ्रेमा न बघताच तो परतीच्या बसमध्ये बसला. चष्म्याचा धंदा असा चालवल्यावर कसं व्हायचं?

बसच्या खिडकीतून त्याने हात केला. मी हात केला.

२६ मे

मावसबहिणीला सगळे बेबी म्हणतात. आता केस पांढरे झालेत, अंगाने भरली आहे, पण शाळेत व्यायाम शिकवते आणि घरातसुद्धा शिट्टी गळ्यात असते. नवरा जहाजावर. मुलं लांब. ताईचं आणि तिचं फार जमायचं.

"दादा, तू बोलत नाहीस ते बरंय," म्हणाली. "ताई आली की मला तिचं ऐकण्यातच सुट्टी जायची."

"मग यंदा आराम."

ती हसायला गेली. शिट्टी तोंडात धरली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिने माझं अंथरूण तिच्या खोलीच्या दारासमोरच्या बैठकीत घातलंय. मागे चांगली रिकामी खोली आहे. तिथे ढेकूण झालेत म्हणे. मी दिवसा जाऊन पाहिलं, एकही नाही.

३० मे

आज खडकावर चढलो. गावाबाहेर उंच काळा कडा आहे, तिथे बेबी मुलांना चढायला शिकवते. सुट्टी असल्याने आज कुणी नव्हतं. तिने माझ्या कमरेला पट्टा बांधला आणि वरच्या झाडावरून खाली सोडलेले दोन दोर त्यात अडकवले. दुसरी टोकं खाली तिच्या हातात.

मी म्हटलं, "ताईला किती बांधायचीस?"

"एक."

"मग मला एक पुरे."

"लिफ्टला एकच दोर असतो का रे?"

 लिफ्टला एक दोर कधीच नसतो. लोकांना वाटतं दोर तुटला की संपलं. मी त्यांना समजावतो की दोर तुटायची वेळच येत नाही, आणि आली तरी लिफ्टची गाडी जोरात खाली जायला लागली की तिच्या खालचा सेफ्टी ब्रेक रुळाला धरतो. पडू लागलेली गाडी जागच्या जागी थांबते. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. कुणालाच खरं वाटत नाही, तरी लिफ्टमध्ये मात्र सगळे बसतात.

चढायला मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. हात खडक धरत होते. खालून बेबी ओरडत होती, "डावा पाय! दादा, तुझा डावा, माझा नाही!" मध्येच एका जागी मी थांबलो. तिथून खालची दरी सरळ दिसते.  दोर एकदम ताठ झाले, पट्टा कमरेत रुतला. मी घसरलो नव्हतो. मग मी चढायला लागलो.

वर पोचल्यावर दोर सैल सोडतात. तिने सोडले नाहीत. मी कड्याच्या काठापासून मागे सरून झाडाला टेकून बसेपर्यंत दोर ताणलेले होते. मग ती पायवाटेने धापा टाकत वर आली. पाठ माझ्याकडे करून बराच वेळ दोर गुंडाळत बसली. एरवी ती गोलगोल नीट गुंडाळते. आज गुंता झाला.

"ताई इथे बसून शिव्या द्यायची," ती म्हणाली. "म्हणायची, बेबे, तू मला मारणार एक दिवस. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच तयार."

"शिव्या?"

"तुला काय ठाऊक, दादा! घरी तुझ्यासमोर जीभ आवरून असायची ती. म्हणायची, तो एक बिचारा सरळ माणूस आहे, त्याच्यासमोर नको."

मला हे आवडलं नाही. नीट सांगायचं तर आवडलं, पण ती घरातही शिव्या द्यायला हरकत नव्हती. मी काही म्हणालो नसतो.

१ जून

बेबीने विचारलं, "घरी गेल्यावर काय करणार तू?"

"घर आवरूनच आलोय."

"ते नाही विचारलं मी."

मग मला समजलं नाही तिला काय हवं होतं. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, मग ती सुरी उचलून फडताळात, वरच्या खणात, मागे ढकलून ठेवली आणि अर्धा कांदा तसाच राहिला. सूप अर्ध्या कांद्याचं झालं.

५ जून

मित्राकडे पोचलो. बेबी बरोबर आली. तिला त्याच्याकडून दात तपासून घ्यायचा होता. तिने तोंड उघडलं नाही, चहा पिऊन गेली.

मित्र दातांचा डॉक्टर. इतका बारीक आहे की शाळेतच त्याचं नाव पैलवान पडलं. मला तो मोजपट्टी म्हणतो, कारण मी सगळं नेमकं बोलतो म्हणे. त्याचं घर तळ्याला लागून आहे. मागच्या दारातून लाकडी धक्का थेट पाण्यात जातो. त्याला पोहता येत नाही.

"मग इथे कशाला घर घेतलंस?" मी विचारलं.

"गुळण्या करण्यापुरतं पाणी मला पुरतं, मोजपट्टी. बाकीचं बघायला."

ताई दर वर्षी या तळ्यात रोज पोहायची. मला पोहायला तिनेच शिकवलं होतं, लहान असताना, हनुवटीखाली हात धरून. हात काढून घेतला की ओरडून सांगायची, काढला हं. एकदा न सांगताच काढला. मी बुडालो नाही.

८ जून

पैलवान मला पोहू देत नाही. पहिल्या दिवशी म्हणाला, पाणी गढूळ आहे. मग म्हणाला, शेवाळ आहे. काल माझी पोहायची चड्डी दोरीवर वाळत होती, ती वाऱ्याने गेली म्हणाला. वारा नव्हता. आज ती त्याच्या दवाखान्यात, कवळ्यांच्या कपाटामागे दिसली. दवाखान्यापर्यंत वारा कसा गेला असेल, हे मी त्याला विचारलं नाही.

दिवसभर धक्क्यावर खुर्च्या टाकून बसतो आणि तळं बघतो. उन्हं उतरली की पाणी काळं होतं. मला तिथे बरं वाटतं.

१२ जून

आज भांडण झालं. आमची मैत्री एवढी जुनी, पण भांडण पहिल्यांदाच.

मी म्हटलं, उद्या मी पोहणार, चड्डी दे. तो म्हणाला, नाही देणार. मी म्हटलं, मी काय लहान आहे? तर खुर्चीतून उठला आणि बोटाने माझ्या छातीवर टोचत ओरडायला लागला.

"फोनवर भावाला काय म्हणालास तू? एप्रिलमध्ये?"

"काय म्हणालो?"

"फोन ठेवताना! माणूस काय म्हणतो? 'ठेवतो' म्हणतो. 'बोलू मग' म्हणतो. आणि तू? 'जातो.' जातो! घरात एकटा खुर्चीत बसलेला माणूस जातो कुठे रे?"

मी आठवून पाहिलं. म्हणालो असेन.

"रडत होता तो मला सांगताना. त्याच आठवड्यात तुझ्या साहेबाचाही फोन गेला त्याला, त्या शाफ्टचा. तेव्हापासून आम्ही तिघं तुला या हातातून त्या हातात देतोय, काचेचं भांडं असल्यासारखं. आणि तू कड्या बसवत फिरतोयस!"

मी त्याला म्हटलं की मी फक्त चुकीचं बोलायचं टाळतो. "येतो" म्हणायचं आणि यायचं नाही, हे बरोबर नाही. ताईने तसं केलं.

तो एकदम खाली बसला. म्हणाला, "तिने केलं? तिने?" मग आवाज उतरवून म्हणाला, "दर वर्षी ती इथून दोन दिवस आधीच निघायची, ठाऊक आहे? मी म्हणायचो, थांब की गं. म्हणायची, नको, तो चहावर बशी ठेवून बसला असेल. आयुष्यभर यायचं तेव्हा आलीच ना रे ती? एकदा नाही जमलं, तर तू तिला खोटारडी ठरवतोस?"

मी उठून आत गेलो. रागाने नाही. त्याच्यासमोर बसवेना.

जे त्याला वाटतं, ते बरोबर आहे का? कुणी मला सरळ विचारलं असतं, तर नाही म्हणालो असतो. पण ते नेमकं झालं असतं का, हे मला सांगता येत नाही. कुंड्या देताना मी काहीच ठरवलं नव्हतं. फ्रिज बंद करतानाही नाही. ठरवलं नव्हतं, पण सगळं त्या हिशोबानेच केलं होतं.

१३ जून

सकाळी उठलो तर चड्डी खुर्चीच्या पाठीवर, घडी घालून ठेवलेली. पैलवान स्वयंपाकघरात चहा करत होता. मी धक्क्यावर गेलो. तो दोन कप घेऊन मागोमाग आला.

"थांब. जातोयस की येतोयस? काय ते बोलून जा."

मला दोन्हीपैकी एकही म्हणता येईना. "पोहतो," म्हणालो.

"ते मासेही पोहतात."

पाण्यात उतरलो. काठाशी पाणी कोमट होतं, पुढे गार. बरीच वर्षं पोहलो नव्हतो तरी हात विसरले नव्हते. पुढे जाऊन पाठीवर पडलो. कान पाण्यात गेले की सगळं बंद होतं. वर नुसतं पांढरं आभाळ. पाठीखाली फार खोल असावं, कारण तिथून थंडी वर येत होती. बरं वाटत होतं. इतकं बरं मला त्या दिवसापासून कुठेच वाटलं नव्हतं. हात हलवायचे थांबवले. पुढचं इथे लिहीत नाही.

मग पाणी नाकात गेलं आणि मान वळली. धक्क्यावर पैलवान बसलेला दिसला. मी फार लांब नव्हतो. तो उभा नव्हता, हाका मारत नव्हता. एक कप त्याच्या हातात होता. दुसरा शेजारी फळीवर होता आणि त्यावर बशी होती. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्या बशीकडे बघत होता.

तसं बसलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. आधी वाटतं, चहा गार होईल. मग वाटतं, पुन्हा गरम करू. मग बशी उचलायची भीती वाटायला लागते.

हे कुणावरही येऊ नये. पैलवानावर तर नाहीच.

परत पोहताना पायात गोळा आला. दोनदा पाणी प्यालो. फळी हाताला लागली तेव्हा त्याने माझं मनगट पकडलं. मी बाहेर येऊन बसलो तरी सोडलं नाही. त्याच्या त्या काडीसारख्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. दात उपटून उपटून आला असेल.

"चहा गार झाला," तो म्हणाला.

"चालेल."

"चालेल काय, चालेल! गार चहा कुणाला चालतो?" त्याने दोन्ही कप तळ्यात ओतले आणि आत गेला. आत कितीतरी वेळ भांड्यांचा आवाज येत होता. चहाला एवढी भांडी लागत नाहीत.

१८ जून

रोज पोहतो. पैलवान खुर्ची घेऊन बसतो आणि जुन्या पेशंटांच्या गोष्टी ओरडून सांगतो. मला पाण्यात अर्ध्याच ऐकू येतात. ताईची आठवण इथे जास्त येते, आणि ती कमी झालेली नाही. कमी होईल असंही वाटत नाही. आज तिच्या पिशवीचे पट्टे सैल केले. बराच वेळ हातात धरून बसलो होतो. पट्ट्यावर जिथे बक्कल असायचं तिथे काळी रेघ आहे, ती आता माझ्या खांद्याखाली बोटभर दिसते.

२१ जून

भावाकडे परत आलो. बसमध्ये एकटा होतो. पैलवान स्टँडवर म्हणाला, "मला तुझ्या भावाच्या गावात काही काम नाही. दात सगळ्यांचे इथेच आहेत." बस हलली तेव्हा दाराबरोबर थोडा पळाला. म्हातारपणी बरं दिसत नाही ते.

भाऊ स्टँडवर होता. दुकान उघडंच टाकून आला होता. माझ्या खांद्यावरची पिशवी घ्यायला गेला. मी म्हटलं, राहू दे, आता काचत नाही.

दुपारी मी खिडकीशी बसलो होतो. खाली नदी होती आणि ऊन होतं. पैलवानाने त्याला फोनवर काय सांगितलं ठाऊक नाही. भाऊ आतून एक काडेपेटी घेऊन आला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. उघडली तर आत चार स्क्रू. कडी त्याने जुन्या रुमालात गुंडाळली होती. पेचकसही आणला.

"बसव," म्हणाला.

"लाकूड कुजलंय ना?"

"बसव रे, दादा."

भावजय दारात उभी होती, पदराचं टोक तोंडाशी धरून. मी कडी बसवली. भोकं ढिली झाली होती. आगकाडीचे तुकडे आत घातले, मग स्क्रू धरले. काम करताना भाऊ शेजारी पाटावर बसला होता. मी पेचकसाला हात घातला की तो स्क्रू पुढे करायचा.  मी म्हटलं, "होडीचं काय केलंस?"

"काही नाही अजून."

"बघू मग. मोठी असली तर वल्ही चार लागतील."

तो पाटावरून उठला, पुन्हा बसला.

कडी झाली. तो म्हणाला, "आतून लावून बघ." 

मी आत गेलो. दार लावलं, कडी सरकवली. चांगली बसली होती, टक् करून लागली. बाहेर शांत होतं. दाराखालच्या फटीतून त्याचे पाय दिसत होते, दाराला अगदी चिकटून. अंगठे वळवले होते, लहानपणी मार मिळायच्या आधी वळवायचा तसे. मी नळ सोडून तोंड धुतलं. पाणी गार होतं. नळ बंद केला तरी पाय हलले नव्हते.

"दादा?" तो बाहेरून म्हणाला.

"आलोच," मी म्हणालो, आणि कडी काढली.